फोटोवरून गाठीचे बी ओळखता येते का?



या सदरातून आपण एरवी बियाणे, खते, कीड-रोग आणि पाणी यांविषयी बोलतो. आज मात्र विषय आहे माणसाच्या डोक्यातील गाठीचा. शेतकी खात्याच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. पण हा प्रश्न मला एका शेतकऱ्यानेच विचारला, आणि विचारला तोही आपल्या शेतीच्या भाषेत. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, जे डॉक्टरांना विचारून घेतले, ते चार घरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

झाले असे. माझ्या ओळखीचे एक वयस्क बागाईतदार आहेत. त्यांना सारे आबा म्हणतात. त्यांचा धाकटा मुलगा, वय छत्तीस, गेल्या हिवाळ्यात रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी द्यायला गेला. दारे धरता धरता वाफ्यातच पडला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. सोबतच्या गड्याने पाहिले म्हणून बरे, नाहीतर पाटाच्या पाण्यात तोंड बुडून तिथेच कारभार आटोपला असता. घरी आणल्यावर कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. दुसऱ्या दिवशी "बाहेरचे" आहे म्हणून देवऋषी झाला. त्यात दहा-बारा दिवस गेले. पुन्हा झटका आला तेव्हा सून हट्टाने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथून शहरात. एम.आर.आय. काढला आणि मेंदूच्या पुढच्या भागात लिंबाएवढी गाठ निघाली.

त्यानंतर चार दिवसांनी आबा ते मोठे पाकीट काखेत घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, डॉक्टर म्हणतात, नुसत्या फोटोवरून गाठीतलं जनुक कसं असावं याचा अंदाज येतो. आणि त्याच तोंडानं म्हणतात, डोकं उघडून तुकडा काढावा लागंल. आता तुम्हीच सांगा, उभ्या पिकावरून बी कळत असंल तर रोप उपटायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. पोटच्या पोराच्या डोक्याला शस्त्र लावण्याचा होता. "बघून सांगतो" एवढेच मी त्या दिवशी म्हणालो.

उभ्या पिकावरून जात ओळखणे

आपल्यातला जाणता शेतकरी बांधावर उभा राहून सांगतो, ही मालदांडी आहे आणि ही दुसरी ज्वारी. कणसाचा आकार, दाण्याचे तेज, ताटाची उंची यांवरून त्याला जात कळते. बीजोत्पादनाच्या प्लॉटची पाहणी करताना आम्हीही हेच करतो. ओळीओळीने फिरून वेगळ्या उंचीचे, वेगळ्या फुलाचे, लवकर निसवलेले झाड हेरतो आणि भेसळ म्हणून उपटून टाकतो. म्हणजे बियाण्याच्या पोटात जे लिहिलेले असते ते झाडाच्या अंगावर काही प्रमाणात उमटते, आणि शिकलेल्या डोळ्याला ते वाचता येते.

पण सगळेच उमटते असे नाही. बी.टी. कापसाचे झाड आणि त्याच वाणाचे बिगर-बी.टी. झाड शेजारी शेजारी ठेवा. पान तेच, फूल तेच. नजरेने कोणालाही सांगता येणार नाही. तेथे पान चुरडून द्रावणात घालावे लागते, त्यात पट्टी बुडवावी लागते, आणि पट्टीवर रेघ उमटली तरच खात्री होते.

मेंदूच्या गाठीच्या बाबतीत हेच दोन प्रकार आहेत. जनुकातील काही बदल फोटोत उमटतात, काही उमटत नाहीत. आबांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

एका शेतकऱ्याच्या मुलाचे यंत्र

पूर्वी कवटीच्या आतले पाहण्याचे साधन फार तोकडे होते. जर्मन शास्त्रज्ञ राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, त्याने हाड दिसू लागले. पण हाडाच्या आतला मऊ मेंदू त्यात दिसत नसे. ही अडचण दूर केली गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांनी. हे गृहस्थ इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील शेतकऱ्याचे चिरंजीव. लहानपण शेतावर गेले. मळणीयंत्रे आणि विजेची यंत्रे यांच्यात त्यांचा जीव रमे, आणि घरी केलेले पंख लावून ते गवताच्या गंजीवरून उड्या मारीत. पुढे त्यांनी क्ष-किरण आणि संगणक यांची सांगड घालून सिटी स्कॅनचे यंत्र बनविले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात त्या यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, आणि ती मेंदूत गाठ असल्याच्या संशयावरूनच. १९७९ साली त्यांना अमेरिकेच्या ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

एम.आर.आय. हे त्याच्या पुढचे पाऊल. यात क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाणी भरपूर. त्या पाण्यातील हायड्रोजनचे कण जबर चुंबकात एका दिशेने वळतात, रेडिओच्या लहरीने त्यांना ढकलले की परत जागेवर येताना बारीक संदेश सोडतात, आणि त्या संदेशांवरून चित्र तयार होते. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना या कामासाठी २००३ साली नोबेल मिळाले. मऊ भागांचा बारकावा दाखविण्यात याच्या तोडीचे साधन नाही.

गाठीचे "बी" म्हणजे काय?

मेंदूतील मूळ चेतापेशींना आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्यांच्यापासून उठणाऱ्या गाठींना ग्लायोमा म्हणतात. पूर्वी डॉक्टर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गाठीला नाव देत. पण होई असे, की एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक रुग्ण वर्षभरात जाई आणि दुसरा दहा वर्षे संसार करी. कारण कळत नसे. तण एकच दिसते, पण एक हरळीचे आणि एक वर्षायूचे, तसला प्रकार.

२००८ साली अमेरिकेतील संशोधकांना काही गाठींत आयडीएच नावाच्या जनुकात एक ठराविक बदल सापडला. हे जनुक पेशीच्या चुलाण्यातले, म्हणजे अन्नापासून ऊर्जा करण्याच्या कामातले एक विकर बनवते. बदल झाला की ते विकर भलताच पदार्थ बनवू लागते. त्याचे थोडक्यात नाव टू-एच-जी. हा पदार्थ पेशीत साठतो, इतर जनुकांवरच्या खुणा बिघडवतो आणि पेशी वाढतच सुटते.

गंमत अशी की, हा बदल असलेली गाठ तुलनेने सौम्य असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वांत जहाल, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या गाठींत बदल असलेले रुग्ण मध्यमानाने ३१ महिने जगले, नसलेले १५ महिने. तिसऱ्या श्रेणीच्या गाठींत हा आकडा ६५ महिने विरुद्ध २० महिने असा होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गाठींच्या वर्गवारीत जनुकांची तपासणी आणली, आणि २०२१ च्या आवृत्तीत ती अधिक पक्की केली. आता मोठ्या माणसांच्या ग्लायोमाचे ढोबळ तीन गट पडतात:

पहिला, आयडीएच बदल नसलेला ग्लायोब्लास्टोमा. हा जहाल, आणि बहुधा उतारवयात येणारा.

दुसरा, आयडीएच बदल असलेला ॲस्ट्रोसायटोमा. हा बहुधा तरण्याताठ्या वयात येणारा.

तिसरा, ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. यात आयडीएच बदल तर असतोच, शिवाय पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्राचा एकेक भाग गळालेला असतो. तिघांत हा उपचाराला सर्वांत चांगली दाद देतो.

जनुकाची ही कुंडली माहीत असणे हा नुसता अभ्यासाचा विषय नाही. गुणसूत्राचे दोन्ही भाग गळालेल्या तिसऱ्या श्रेणीच्या गाठींवर अमेरिकेत दीर्घकाळ एक चाचणी चालली. तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. नुसत्या किरणोपचाराने मध्यमान आयुष्य ७.३ वर्षे, आणि किरणांबरोबर औषधे दिल्यावर १४.७ वर्षे. दुप्पट! घरात लहान लेकरे असतील तर ही सात वर्षे म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

फोटोत हे दिसते कसे?

आता मुख्य मुद्दा. जनुक एवढे सूक्ष्म की एम.आर.आय.ला ते कधीच दिसत नाही. दिसतो तो जनुकाने केलेला परिणाम. नत्राचा कण आपल्याला कुठे दिसतो? दिसते ते खालचे पिवळे पान.

जहाल ग्लायोब्लास्टोमा भराभर वाढतो, त्याला रक्तपुरवठा पुरत नाही, आणि मधला भाग मरून जातो. शिरेतून रंगद्रव्य देऊन फोटो काढला की जाड, वेडेवाकडे, उजळ कडे आणि आत काळा गाभा असे चित्र बहुधा दिसते. आयडीएच बदल असलेली गाठ बऱ्याचदा मेंदूच्या पुढच्या भागात असते आणि रंगद्रव्य फारसे घेत नाही. ऑलिगोडेंड्रोग्लायोमात पुष्कळदा चुन्याचे कण साठलेले असतात, ते सिटी स्कॅनमध्ये पांढरे दिसतात.

याहून नेमकी एक खूण २०१७ साली प्रसिद्ध झाली. एम.आर.आय.मध्ये एकाच जागेचे निरनिराळ्या पद्धतीने फोटो काढतात. टी-टू या पद्धतीत जेथे जेथे ओल आहे ते सारे पांढरे दिसते. फ्लेअर या पद्धतीत मोकळे पाणी काळे पडते, आणि ऊतींत मुरलेली ओल तेवढी पांढरी राहते. आपल्या भाषेत, टी-टूला वाफसा आणि डबके दोन्ही दिसतात. फ्लेअर डबके पुसून टाकतो. आयडीएच बदल असलेल्या काही ॲस्ट्रोसायटोमांत बारीक बारीक पाणथळ पोकळ्या असतात. अशी गाठ टी-टूमध्ये सगळी पांढरीशुभ्र दिसते, आणि फ्लेअरमध्ये आतून काळी पडून फक्त कडेला पांढरी किनार राहते. कमी श्रेणीच्या गाठींत मोठ्या माणसाच्या फोटोत ही खूण स्पष्ट दिसली, तर ती ॲस्ट्रोसायटोमाची असण्याचा संभव फार मोठा. मात्र ही खूण सगळ्यांत दिसत नाही. खूण नाही म्हणून तो प्रकार नाही, असे म्हणता येत नाही.

तिसरी युक्ती तर अजब आहे. बिघडलेले विकर जो टू-एच-जी पदार्थ साठवते, त्याचा स्वतंत्र संदेश एम.आर.आय. यंत्राला पकडता येतो. २०१२ साली शास्त्रज्ञांनी जिवंत रुग्णाच्या मेंदूत, चाकू न लावता, हा पदार्थ ओळखून दाखविला. त्याला वेळ लागतो, यंत्र नीट जुळवलेले लागते, आणि गाठ फार लहान असली तर अडचण येते.

संगणकाला शिकविलेली नजर

जे डोळ्याला दिसत नाही ते संगणकाला दिसते का, हा पुढचा प्रयत्न. ज्यांच्या गाठीचा तुकडा तपासून जनुक आधीच कळले आहे, अशा शेकडो रुग्णांचे फोटो संगणकाला दाखवतात. गाठीचा आकार, कडेचा खडबडीतपणा, आतला पोत, काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण अशी शेकडो मापे तो घेतो, आणि कोणत्या मापांचा कोणत्या जनुकाशी मेळ बसतो ते शिकतो. मग नवा फोटो दिला की अंदाज सांगतो. नवख्या मुकादमाला चार हंगाम जुन्या माणसाबरोबर फिरवले की त्याची नजर तयार होते, तसेच हे.

आयडीएच बदलाच्या बाबतीत पुष्कळ अभ्यासांत असे अंदाज शंभरातून ऐंशी-नव्वद वेळा बरोबर आले आहेत. हे थोडे नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. एमजीएमटी नावाचे आणखी एक जनुक आहे. औषधाने केलेली इजा दुरुस्त करून ते गाठीला वाचवते. त्याला रासायनिक कुलूप लागलेले असेल, तर टेमोझोलोमाइड हे औषध जास्त गुण देते, हे २००५ सालापासून ठाऊक आहे. हे कुलूप फोटोवरून ओळखा, अशी एक जागतिक स्पर्धा २०२१ साली ठेवली गेली. शेकडो संघ उतरले. पहिल्या आलेल्या संघाचा निकाल काय? कुलूप असलेला एक रुग्ण आणि नसलेला एक रुग्ण अशी जोडी समोर ठेवली, तर शंभरातून ६२ वेळा त्यांचा संगणक बरोबर सांगे. नुसते नाणे उडवले तरी पन्नास वेळा बरोबर येतेच! हा आपला बी.टी. कापूस. पोटात बदल आहे, पण पानावर उमटलेला नाही.

आणखी एक खोड आहे. एका रुग्णालयाच्या यंत्रावर शिकलेला संगणक दुसऱ्या गावच्या यंत्राचे फोटो दिले की चुकू लागतो. काळ्या जमिनीवर ठरविलेली खताची मात्रा कोकणच्या जांभ्या जमिनीला लावली तर जे होईल ते इथे होते.

मग डोके उघडायचे कशाला?

हे सारे समजून घेतल्यावर मी आबांकडे गेलो. ओसरीवर ते, त्यांचा मुलगा आणि सून बसले होते. मी म्हणालो, "आबा, पान पिवळं पडलं की तुम्ही काय समजता?"

"नत्र कमी पडलं म्हणायचं."

"आणि लोह कमी पडलं तर? पाणी साचलं तर? हुमणीनं मूळ खाल्लं तर?"

"तरी पिवळंच पडतं," आबा म्हणाले.

"मग पान बघून युरिया टाकायचा, की खाली उकरून बघायचं?"

आबा गप्प झाले. सूनबाई मात्र लगेच म्हणाल्या, "उकरून बघायचं." मग मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी एकेक करून सांगितल्या.

एक तर शस्त्रक्रिया केवळ तुकडा काढण्यासाठी नसते. जेवढी गाठ सुरक्षितपणे काढता येईल तेवढी काढणे हा उपचारच असतो. रोग कळणे आणि ओझे कमी होणे, ही दोन्ही कामे एका वेळी होतात. शस्त्रक्रियेला धोका असतोच. तो किती, हे गाठ मेंदूच्या कोणत्या कामाच्या जागेजवळ आहे यावर ठरते, आणि ते डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

दुसरे, पुढची औषधे आणि किरणे तपासलेल्या जनुकावर ठरतात, अंदाजावर नव्हे. वोरासिडेनिब नावाची गोळी नेमकी बदललेल्या आयडीएच विकरावरच काम करते. ३३१ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. गोळी घेणाऱ्यांची गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंत मध्यमानाने २७.७ महिने गेले, न घेणाऱ्यांची ११.१ महिन्यांत वाढली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने या औषधाला मान्यता दिली, तीसुद्धा शस्त्रक्रियेनंतर आणि बदल आहे अशी खात्री झालेल्या दुसऱ्या श्रेणीच्या रुग्णांसाठी.

तिसरे, फोटोचा अंदाज वाया जात नाही. त्यावरून डॉक्टर शस्त्रक्रिया किती घाईने आणि किती दूरवर करायची हे ठरवतात. गाठ अशा खोल जागी असेल की तिथे सुई घालणेच धोक्याचे, तर फोटोवरच बरीचशी मदार ठेवावी लागते. शिवाय मातीचा नमुना आपण एका जागचा घेत नाही. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करतो. सुईने घेतलेला तुकडा हा एका जागचा नमुना. गाठ सगळीकडे सारखी नसते. फोटो मात्र सबंध शेत दाखवतो, आणि सुई कुठे घालायची तेही दाखवतो. उपचारानंतर दर काही महिन्यांनी डोके उघडता येत नाही, तेव्हा तर पहारा फोटोनेच करायचा असतो.

म्हणजे फोटो हा बांधावरून केलेली पाहणी आणि तुकडा ही प्रयोगशाळेतली तपासणी. एकाने दुसऱ्याचे काम सोपे होते, पण एक दुसऱ्याची जागा घेत नाही. निदान आज तरी नाही.

हा घराण्याचा दोष नव्हे

उठता उठता सूनबाईंनी मला दाराशी थांबवले आणि हळूच विचारले, "साहेब, जनुकात बिघाड म्हणजे पोरांना पण होणार का? गावात बोलतात. नणंदेचं लग्न ठरायचंय."

या प्रश्नाने माझ्या पोटात कालवले. आजाराशी झुंजणाऱ्या घराला हे दुसरे दुखणे गावानेच दिले होते. म्हणून येथे जरा ठळकपणे लिहितो.

आयडीएचचा हा बदल गाठीच्या पेशींत झालेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. आपल्या द्राक्षबागायतदारांना हे चटकन समजेल. तास-ए-गणेश हे वाण कसे निघाले? थॉम्पसन सीडलेसच्या वेलीवर एका डोळ्यात आपोआप बदल झाला आणि त्या फांदीची द्राक्षे वेगळी आली. बाकीचा वेल होता तसाच राहिला. मेंदूतील एका पेशीत असाच बदल होतो. बाकीचे शरीर, आणि ज्यातून संतती होते ते बीज, जसेच्या तसे असते. काही थोड्या घराण्यांत आनुवंशिक विकारामुळे मेंदूच्या गाठी होतात हे खरे, पण ते विरळा, आणि तसा संशय असला तर डॉक्टर स्वतःहून सांगतात. बहुतेकांच्या बाबतीत "जनुक" हा शब्द ऐकून सोयरीक मोडणे हा निव्वळ अन्याय आहे. हे वाक्य चावडीवर चार माणसांत वाचून दाखविलेत तरी चालेल.

प्रत्येक गोल ठिपका कॅन्सर नव्हे

आणखी एक भीती काढून टाकतो. झटके आले, फोटोत गोल कडे दिसले, म्हणजे कॅन्सरच असे नाही. आपल्या देशात अशा कड्यामागे पुष्कळदा क्षयाची गाठ असते, किंवा फीतकृमीच्या अंड्यातून झालेली पुटी असते. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात आणि दूषित पाण्यावरच्या कच्च्या भाजीतून पोटात जातात. त्यामुळे माळकऱ्यालाही हा विकार होऊ शकतो. हे दोन्ही विकार औषधाने बरे होण्यासारखे आहेत. म्हणूनही नेमके निदान होईपर्यंत धीर सोडू नये. आणि मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर स्वच्छ पाण्यात चांगली धुऊन खावी. शौचाला शेतात बसू नये.

घरच्यांनी काय करावे?

१. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा झटका आला, सकाळी उठल्याबरोबर डोके दुखून उलटी होऊ लागली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, बोलणे अडखळू लागले किंवा नजर बिघडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

२. झटका चालू असताना कुशीवर वळवावे, जवळची टणक वस्तू दूर करावी, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा आणि चप्पल यांनी झटका थांबत नाही; तो आपोआप थांबतो म्हणून तसे वाटते. पाच मिनिटांत थांबला नाही तर तातडीने दवाखाना गाठावा.

३. झटके येणाऱ्या माणसाने विहिरीवर, मळणीयंत्रावर, कडबाकुट्टीवर, ट्रॅक्टरवर एकट्याने काम करू नये. रात्री पाणी द्यायला त्याला पाठवू नये. झटक्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

४. एम.आर.आय.पूर्वी अंगातील धातू सांगावा. हृदयाला बसविलेले यंत्र, हाडातील सळई, छर्रा. आणि वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे काम करणाऱ्याच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तोही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर रंगद्रव्य देण्याआधी सांगावे.

५. सगळे फोटो, अहवाल आणि सीडी एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवाव्यात. सातबाऱ्याइतकेच ते मोलाचे. नवा फोटो जुन्याशी ताडून पाहिला तरच गाठ वाढली का ते कळते.

६. शस्त्रक्रियेनंतर "तुकड्याची आयडीएच आणि गुणसूत्राची तपासणी होणार का?" असे विचारावे. मेणात घातलेला तुकडा रुग्णालयात जपून ठेवतात. सोय नसेल तर तो ठोकळा मागून दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासता येतो.

७. खर्चाच्या बाबतीत सावकाराकडे जाण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालील रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे, रेशनकार्ड बरोबर न्यावे.

शेवटी काय झाले?

आबांनी मन घट्ट केले. शस्त्रक्रिया झाली. गाठीचा बराचसा भाग निघाला. तीन आठवड्यांनी तुकड्याचा अहवाल आला. फोटोवरून डॉक्टरांनी दोन अंदाज केले होते: आयडीएच बदल असावा, आणि गाठ ॲस्ट्रोसायटोमा असावी. पहिला खरा ठरला. दुसरा चुकला. गुणसूत्रांचे दोन्ही भाग गळालेले होते. गाठ ऑलिगोडेंड्रोग्लायोमा निघाली. म्हणजे उपचाराला अधिक दाद देणारी. त्याप्रमाणे पुढची योजना बदलली. नुसत्या फोटोवर विसंबून राहिले असते तर ही गोष्ट कळलीच नसती, आणि फोटो नसता तर गाठच वेळेवर कळली नसती.

आजार गेला असे मी म्हणणार नाही. दर काही महिन्यांनी फोटो काढावा लागेल, आणि तो किती वर्षे काढावा लागेल हे कोणी सांगत नाही. पण परवा गेलो तेव्हा तो पोरगा डोक्याला रुमाल बांधून बांधावर बसला होता आणि गड्याला कोणत्या वाफ्यात किती पाणी सोडायचे ते सांगत होता. आबा मला म्हणाले, "साहेब, डॉक्टरांची नजर निम्मी बरोबर निघाली."

मी म्हणालो, "आणि उकरून बघितलंत म्हणून बाकीची निम्मी कळली."

पुढील लेखात पुन्हा आपल्या वाटेला लागू आणि उसाच्या खोडव्याची निगा पाहू. पाचट मात्र तोपर्यंत जाळू नका.